म्हातारं कुत्रं घेऊन इंग्लंडच्या खेड्यात राहायला येताय? कामाच्या गोष्टी, अनुभवातून

आमचा बंड्या आता तेरा संपवून चौदाव्यात आहे. सिंहगड रोडला सोसायटीच्या गेटपाशी सापडलेला, रंग तांबूस, एक कान उभा एक पडका, आणि जात विचाराल तर अस्सल गावठी. नवऱ्याला इकडे श्रॉपशरमध्ये काम मिळालं आणि आम्ही लडलो नावाच्या गावापासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात आलो तेव्हा तो दहाचा होता, म्हणजे म्हातारपणाच्या उंबरठ्यावर. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले मिळून बऱ्याच जणांनी विचारलं की कुत्र्याला आणू का, खेड्यात जमेल का, काय काय लागतं. दरवेळी फोनवर तासभर तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

आधी एक कसोटी सांगते, बाकी सगळं तिच्यावरच आहे. जानेवारीतली रात्र, दोन वाजलेत, बाहेर सगळं गोठलंय, लाईट गेलेत, आणि कुत्र्याला उठून उभं राहता येत नाहीये. आता काय कराल? घर बघताना, व्हेट (म्हणजे जनावरांचे डॉक्टर) ठरवताना, गाडी कुठे लावायची हे ठरवताना, प्रत्येक वेळी हाच प्रश्न स्वतःला विचारायचा. लंडनमधे नाहीतर लेस्टरमधे राहणाऱ्यांना हे एवढं लागत नाही, तिथे काही ना काही उघडं असतं. खेड्यात सगळं लांब असतं आणि म्हाताऱ्या कुत्र्याला जे काही व्हायचं ते रात्रीच होतं, का कोण जाणे.

१. आणायचं की नाही, आणि आणायचं तर कसं

ज्या देशांतून कुत्री सहज आणता येतात त्या ब्रिटनच्या यादीत भारत नाहीये, त्यामुळे नुसतं लसीचं पुस्तक दाखवून काम होत नाही. क्रम असा: आधी १५ आकडी मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस (चिप आधी, लस नंतर, उलटं झालं तर ती लस धरत नाहीत), लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त तपासणी, ती पास झाली की रक्त काढल्याच्या तारखेपासून ३ महिने वाट बघायची, मग हेल्थ सर्टिफिकेट, आणि इथे पोचायच्या आधी २४ ते १२० तासांच्या मधे टेपवर्मची (पोटातल्या जंतांची) गोळी व्हेटच्या हातून द्यायची आणि तशी नोंद करून घ्यायची. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी साडेचार-पाच महिने धरून चाला. मुंबईतल्या ॲनिमल क्वारंटाइनच्या ऑफिसातून एनओसी घ्यावी लागते. आणि विमानात कुत्रा तुमच्या पायाशी बसून येणार नाही, ब्रिटनमधे येताना तो कार्गोतूनच येतो. त्याचा प्रवास तुमच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत हवा, नाहीतर तो व्यापारी माल समजतात आणि नियम बदलतात. कस्टम्सची सूट हवी असेल तर ट्रान्सफर ऑफ रेसिडन्सचा अर्ज आधीच करायचा. निघायच्या आधी सरकारी वेबसाइटवर सगळं परत एकदा बघा, नियमात बारीकसारीक बदल होत राहतात.

आता माझं प्रामाणिक मत. कुत्रा बारा-तेराचा असेल, हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल, आणि तिकडे आजी-आजोबा प्रेमाने सांभाळणार असतील, तर नका आणू. लोकांना हे ऐकायला आवडत नाही. पण कार्गोच्या पिंजऱ्यातले दहा-बारा तास आणि वर उतरल्यावरची तपासणी हे सगळं म्हाताऱ्या जिवाला सोपं नसतं, आणि झोपेचं औषध देऊन पाठवणं तर एअरलाइन्सच नको म्हणतात. बंड्या धडधाकट होता म्हणून आणला. आज त्याच्या या वयात मी आणला नसता.

आणणार असाल तर जुने रिपोर्ट सगळे आणा. विशेषतः टिक फीव्हर होऊन गेला असेल तर त्याचे. आपल्याकडच्या व्हेटला एर्लिकिया (म्हणजे हाच टिक फीव्हर) झोपेत पण ओळखता येतो, इथल्या खेड्यातल्या व्हेटला तो रोज दिसत नाही, तुम्ही सांगितलं नाहीत तर त्यांच्या डोक्यातही पटकन येणार नाही.

पोचल्यावर लगेच दोन कामं. चिपचा नंबर इथल्या डेटाबेसवर तुमच्या इथल्या पत्त्यासकट नोंदवा, २०१६ पासून चिप आणि नोंदणी सक्तीची आहे. आणि पट्ट्याला बिल्ला, त्यावर तुमचं नाव आणि पत्ता. फोन नंबर कायद्याने लागत नाही पण टाकाच, कुत्रा सापडलेला माणूस पत्र थोडंच लिहिणार आहे.

२. घर

इथली जुनी कॉटेजेस फोटोत फार गोड दिसतात. जाड दगडी भिंती, छोट्या खिडक्या, फायरप्लेस. आम्हीही भुललो. मग आत राहायला गेल्यावर कळलं की जिना म्हणजे जवळजवळ शिडी आहे, खाली स्लेटची गुळगुळीत फरशी आहे, आणि मागच्या दारातून अंगणात उतरायला तीन उंच पायऱ्या. दहा वर्षांच्या कुत्र्याला ते काही वाटलं नाही. बारा झाल्यावर तो सकाळी त्या फरशीवर उभा राहायला लागला की मागचे पाय हळूहळू दोन बाजूंना सरकायचे, बर्फावर माणूस घसरतो तसे, आणि मग तो तसाच बसून आमच्याकडे बघायचा.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा गॅस-बॉयलर-ओलावा हे सगळं बघाच, पण त्याच्याआधी वाकून कुत्र्याच्या उंचीवरून घर बघा. पलंग ते मागचं दार किती पावलं आहेत? मधे पायऱ्या किती? फरशी कसली? अंगणाला कुंपण आहे का, आणि त्यात खाली फट आहे का? रात्री सू करायला त्याला न्यायचं तर तुम्हाला बूट-जॅकेट चढवून रस्त्यावर जावं लागणार का? शक्यतो खालच्या मजल्यावर एक खोली अशी असू दे की जिथे तुम्हीही झोपू शकाल. आम्ही गेली दीड वर्षं जेवायच्या खोलीत झोपतोय, डायनिंग टेबल वरच्या मजल्यावर आहे. पाहुणे आले की हसतात, हसू देत.

फरशीवर आम्ही जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या कापून टाकल्यात, पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत, रेल्वे लाइनसारख्या. महागडे गालिचे घेऊ नका, धुवावे लागतात. जिन्याला लहान मुलांचं फाटक लावलंय. पायऱ्यांवर फळी टाकून वर जुनं पायपुसणं ठोकलंय. पॅसेजमधे रात्रभर एक मिणमिणता दिवा, कारण म्हाताऱ्या कुत्र्यांना अंधारात गोंधळायला होतं, बंड्या तर एकदा कपाटाच्या कोपऱ्यात तोंड करून उभा होता, बाहेर कसं यायचं तेच त्याला सुचेना.

अजून एक, हे कोणीच सांगत नाही. भाड्याच्या घराच्या मागे शेड असते आणि शेडमधे आधीच्या लोकांचे डबे असतात. पहिल्याच दिवशी ते बघा. गोगलगाई मारायच्या निळ्या गोळ्या असतील, त्यातलं मेटाल्डिहाइड बागेत वापरायला २०२२ पासून बंदी आहे पण जुने डबे पडून असतात आणि कुत्र्याला ते भयंकर विषारी आहे. उंदराचं औषध असतं. आणि गाडीचं अँटीफ्रीझ, ते चवीला गोड असतं म्हणे, थोडंसं चाटलं तरी किडन्या जातात.

३. व्हेट, आणि आमची ती रात्र

आल्या आल्या, कुत्रा ठणठणीत असतानाच, व्हेटकडे नाव नोंदवा. इथल्या गावाकडचे व्हेट बहुतेक गाई-मेंढ्यांचेही असतात, वेटिंग रूममधे गमबूट घातलेला शेतकरी आणि मांडीवर मांजर घेतलेल्या बाई शेजारी शेजारी. पहिल्या भेटीतच विचारा: रात्री नऊनंतर आणि रविवारी कुठे जायचं? रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सच्या नियमाप्रमाणे प्रत्येक व्हेटने चोवीस तास इमर्जन्सीची सोय करायची असते, पण ती सोय त्याच दवाखान्यात असेल असं नाही, बरेचदा ती दुसऱ्याच गावातल्या दुसऱ्याच दवाखान्याकडे दिलेली असते. आम्ही हे विचारलं नव्हतं.

तर ती रात्र. पावणेदोनला धप्प आवाज आला. बंड्या आडवा पडलेला, उठायला बघतोय आणि परत एकाच बाजूला कलंडतोय, मान वाकडी, आणि डोळे सारखे डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे, लोकलच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाचे हलतात तसे. मग उलटी. मला वाटलं संपलं, अटॅकच आहे. फोन घेतला तर रेंज नाही. आमच्या गावात घरात रेंज नसतेच, आम्ही वायफायवरून फोन करतो, आणि वादळाने लाईट गेलेले म्हणजे वायफाय पण गेलेलं. लँडलाइनही आता इंटरनेटवरूनच चालते, ती पण बंद. नवरा टॉर्च घेऊन रस्त्याने पळत चर्चच्या फाटकापर्यंत गेला, तिथे दोन काड्या येतात. आमच्या व्हेटच्या नंबरवर रेकॉर्ड केलेला आवाज, रात्रीसाठी अमुक ठिकाणी फोन करा. नंबर लिहून घ्यायला पेन नाही. गाडीच्या काचेवर बर्फ, खरवडायचं प्लॅस्टिक घरात कुठेतरी. एकोणीस किलोचा कुत्रा उलटीत माखलेला, तो उचलायचा कसा. चाळीस मिनिटांचा रस्ता.

तिथल्या मुलीने बघितल्या बघितल्या सांगितलं, स्ट्रोक नाही, व्हेस्टिब्युलर आहे. कानाच्या आतल्या तोल सांभाळायच्या यंत्रणेचा घोळ, म्हाताऱ्या कुत्र्यांमधे हा बऱ्याचदा होतो, दिसायला भयानक असतो पण काही दिवसांत ओसरायला लागतो. उलटी थांबायचं औषध दिलं, घरी पाठवलं. दहा दिवसांत बंड्या चालायला लागला. मान मात्र थोडी तिरकी राहिली, आता तो सगळ्या जगाकडे संशयाने बघतो. (असं काही झालं तर घरी बसून निदान करू नका हं, व्हेटला दाखवाच, दुसरं काही पण असू शकतं.)

त्यानंतर आम्ही जे केलं ते तुम्ही आधीच करा. रात्रीच्या दवाखान्याचा नंबर आणि पत्ता कागदावर लिहून फ्रिजवर. दिवसाउजेडी एकदा तिथपर्यंत गाडी चालवून या, कारण रात्री धुक्यात वळणं दिसत नाहीत. गावात रेंज नक्की कुठे येते ते शोधून ठेवा. हिवाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची, काचेवर रात्री जुनी चादर टाकायची, आणि गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतायचं नाही, तडा जातो. कुत्रा उचलायला जाड चादर दाराशी, दोघांनी दोन टोकं धरायची, झोळीसारखी. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप मिळतो, तो घ्या.

पैशांचं थोडक्यात: कुत्र्यांना एनएचएस (माणसांसाठीची इथली सरकारी आरोग्यसेवा) नाही. रात्रीची नुसती तपासायची फीच दोनशे पौंडांच्या वर गेली होती आमची. म्हाताऱ्या कुत्र्याचा इन्शुरन्स मिळतो, पण आधीचे आजार त्यात धरत नाहीत आणि एका वयानंतर बऱ्याच पॉलिसींमधे प्रत्येक बिलाचा काही टक्के हिस्सा तुम्हीच भरायचा असतो. हिशोब करून बघा, आम्ही शेवटी इन्शुरन्स सोडला आणि दर महिन्याला तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकतो. रोजची औषधं असतील तर व्हेटकडे लेखी प्रिस्क्रिप्शन मागा, त्याची थोडी फी घेतात पण तेच औषध ऑनलाइन बरंच स्वस्त पडतं. मागायला लाजू नका, ते नाही म्हणत नाहीत. सांधेदुखीवर इथे महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शनही असतं, सगळ्यांना लागू पडत नाही, पण विचारून बघा.

४. फिरायला जाणं

हा इथला सगळ्यात मोठा आनंद आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी. इंग्लंडमधे शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर चालायचा सगळ्यांना हक्क आहे, शेत कुणाचंही असो. पिवळा बाण म्हणजे पायी, निळा बाण म्हणजे घोडे-सायकलवालेही. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा नकाशा घ्या, त्यावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. पण नकाशावर स्टाइल दिसत नाही. स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायची लाकडी पायरी. तरणं कुत्रं टुणकन उडी मारतं, म्हातारं खाली थांबून तुमच्याकडे बघत राहतं, आणि मग एकोणीस किलो चिखल छातीशी धरून तुम्ही ती फळी चढता. म्हणून आधी एकटे जाऊन बघून या, फाटकं असलेल्या दोन-तीन सपाट वाटा हेरा आणि त्याच धरा. रोज नवी वाट ही तुमची हौस, त्याची नाही. त्याला रोज तोच खांब हुंगायचा असतो.

मेंढ्या. हे नीट वाचा. आमच्या भागात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त वाटतात. कुत्र्याने मेंढ्यांच्या मागे लागणं हा १९५३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि काही परिस्थितीत शेतकऱ्याला कुत्र्यावर गोळी झाडायचीही मुभा आहे. चावलाच पाहिजे असं नाही, नुसतं पळवलं तरी गाभण मेंढीचं पिल्लू जातं. आता तुम्ही म्हणाल आमचा म्हातारा कुठे पळतोय. आम्हीपण तेच म्हणालो होतो. बंड्याने तोवर मेंढ्या लांबूनच बघितल्या होत्या, बारा वर्षांचा, आर्थरायटिस असलेला, पहिला कळप जवळून दिसल्यावर असा सुसाट सुटला की माझ्या हाताला पट्ट्याचा वळ उठला. पट्टा होता म्हणून वाचलो. त्यात म्हातारी कुत्री बहिरी होतात, हाक मारून परत येणं विसरा. पट्टा कायम, मेंढ्या दिसोत न दिसोत. अंगणात मी त्याला टॉर्च दोनदा लावून-विझवून बोलावते, ते तो आठवड्याभरात शिकला.

गाईंचं उलटं. वासरं असलेल्या गाई धावून येतात, म्हणजे खरं तर कुत्र्यावर, तुमच्यावर नाही. अशा वेळी पट्टा सोडून द्यायचा. हातात धरून राहिलात तर तुम्ही तुडवले जाल. म्हाताऱ्या कुत्र्याला सोडायला जीव होत नाही, म्हणून गाई-वासरं दिसली की त्या शेतात शिरूच नका, लांबून वळसा घाला.

गावातल्या रस्त्यांना फुटपाथ नसतो, आणि त्या बोळासारख्या रस्त्यावरही बरेचदा ६० मैलांची मर्यादा असते. उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं, कुत्रा आतल्या बाजूला. डिसेंबरात चारला अंधार पडतो, तुम्हाला पिवळं चमकणारं जॅकेट आणि त्याला चमकणारा पट्टा. रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर घरी येऊन पंजे कोमट पाण्याने धुवा. शी उचलायचीच, रानात पण, आणि पिशवी बांधून कुंपणाला लटकवून जायचं नाही. काही लोक लटकवतात, त्यांना गावात काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

५. वर्षाचं गणित

दिवाळीच्या फटाक्यांतून सुटलो असं वाटत असेल तर थांबा, ५ नोव्हेंबरला इथे बॉनफायर नाइट असते आणि ती एका रात्रीत संपत नाही. शिवाय १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा मोसम, शनिवारी सकाळी रानातून धडाधड आवाज. पब नाहीतर दुकानात विचारलं तर कुठे कधी आहे ते सांगतात. बंड्याला आता काही ऐकू येत नाही, एवढ्यापुरता बहिरेपणा आमच्या पथ्यावर पडला.

ख्रिसमसला शेजारच्या आजी प्रेमाने मिन्स पाय घेऊन येतात. त्यात मनुका-बेदाणे गच्च असतात, आणि द्राक्ष-मनुका कुत्र्यांच्या किडनीला घातक. तसंच आपल्या सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे. आपल्या रश्श्यातला कांदा-लसूणही नको. पीनट बटर घेताना झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्यांना विषारी) आहे का बघा, कधी कधी बर्च शुगर या नावाने लिहितात. बाकी मऊ वरणभात, बिनफोडणीचा, त्याला अजूनही सगळ्यात जास्त आवडतो, फक्त किडनी बिघडलेली असेल तर व्हेटला विचारूनच द्या.

मार्च-एप्रिल कोकरं. तेव्हा शेतातून जाणं टाळाच. उन्हाळ्यात गोचिड्या, आणि उन्हात पहुडलेले ॲडर साप. लाँग मिंडच्या माळावर ते आहेत, आपल्या घोणसच्याच कुळातले, त्यामानाने सौम्य, पण चावला तर कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून गाडीत घालून थेट व्हेट. गोगलगाईंमधून लंगवर्म (फुप्फुसातले जंत) होतो, त्याचं आणि गोचिडीचं महिन्याचं औषध चुकवू नका.

६. गावातली माणसं

इथले लोक पटकन घरी बोलावत नाहीत पण कुत्र्याशी मात्र पहिल्या दिवशी बोलतात. आमच्या पबमधे बारवर कुत्र्यांच्या बिस्किटांची बरणी असते. व्हिलेज हॉलमधे मंगळवारी कॉफी असते, दोन पौंडात कॉफी आणि केक, तिथे जा, कारण रात्री दोनला दार ठोठवायला एक तरी दार ओळखीचं हवं. त्या रात्रीनंतर शेजारच्या आजी (वय ८१, स्वतःचा टेरियर १५ चा) मला ओरडल्या, माझ्याकडे का नाही आलात, माझ्याकडे जुना तारेवरचा फोन आहे आणि मी तशीही जागीच असते. आता आमच्याकडे त्यांच्या घराची किल्ली आहे आणि त्यांच्याकडे आमची. आम्ही रविवारी त्यांच्या टेरियरला फिरवतो, त्याच्या बदल्यात त्या बंड्याची नखं कापतात, मला अजून जमत नाही, काळी नखं आहेत, रक्त येतं.

७. हेही आधीच विचारून ठेवा

व्हेट घरी येऊन शेवटचं इंजेक्शन देतील का, आणि शनिवार-रविवारी येतील का, हे कुत्रा बरा असतानाच विचारा. इंग्लंडमधे स्वतःच्या घराच्या आवारात कुत्रा पुरायला परवानगी आहे, भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारावं लागतं. खड्डा खोल हवा, कारण त्या औषधाचा अंश शरीरात राहतो आणि कोल्ह्यांनी उकरलं तर त्यांनाही बाधतं. विहीर किंवा बोअरिंग जवळ नको. सेप्टिक टँकचे पाइप कुठून जातात ते माहीत करून घ्या, खेड्यात ड्रेनेज नसतं बऱ्याच घरांना.

मी मालकांना मेल लिहायला तीन आठवडे लावले. त्यांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: सफरचंदाच्या झाडाखाली चालेल, आमची लॅब्रेडॉरही तिथेच आहे, तिच्या डाव्या बाजूला जागा मोकळी आहे. सध्या त्या जागेवर बंड्या दुपारचा ऊन खात पडतो. सप्टेंबरात तिथे सफरचंदांचा सडा पडतो, तो रोज उचलावा लागतो, कुजलेली खाल्ली की त्याचं पोट बिघडतं आणि मग रात्री दोनला आम्ही परत अंगणात.